रवा

सिल्लोडचा व्यापारी घागर घेऊन आला,
बुडाला गेलेली. टेबलावर आपटलीच जवळजवळ.
म्हणाला, नळापासून घरापर्यंत आली,
ओट्यावर टेकवली अन् उलली.
उलली म्हणाला. टाच उलते, रान उलतं, तसं.

कौसर मॅडमनी ती पालथी घातली.
बुडाच्या मधोमध, जिथून रस साच्यात शिरतो,
त्या बेंबीपाशी पातं लावलं,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढला
आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.
"या धोंडगे, बघा तुमची रात्रपाळी."

मी एक डोळा मिटला.
काळोखात वर्तुळंच वर्तुळं,
एकमेकांना खेटून कुठं कुठं कोन आलेली,
प्रत्येकाच्या पोटात एक काळी फुली,
जणू कोणी एकेक तपासून नापास केलेलं.

काठाला मात्र काहीच नाही.
कातडीला साच्याचं लोखंड लागलं
आणि ती होती तशी थिजली,
साखळ्या जिथल्या तिथं, विस्कटलेल्या.
गाभा ऊबेत राहिला. त्याला सवड मिळाली.
साखळ्या घड्या घालत बसल्या
एका ठिपक्याभोवती, चहूबाजूंनी,
शेजारचं वर्तुळ आडवं येईपर्यंत.
मॅडमनी टाचणीनं तडा दाखवला.
एकही वर्तुळ न फोडता तो गेला होता
दोघांच्या मधून, बांधाबांधानं.

तारीख विचारली नाही त्यांनी.
बुडावर उठावाचीच होती, अठरा मे.
त्या रात्री टँकर आला नाही.
आसाराम तीसगावच्या फाट्याला
टायर उशाला घेऊन झोपला होता.
कूलिंग टॉवरच्या हौदात घोट्याइतकं पाणी,
पंप हवाच ओढायचा,
साच्यातून परतणारं पाणी हाताला चटका द्यायचं.
मशीन थांबवावी तर बॅरलमध्ये माल जळतो,
फोनवर मुथा शेठ जळतात.
मी थंड व्हायचा वेळ बारा सेकंदांनी वाढवला.
घागरी निघत राहिल्या,
निळ्या, गुळगुळीत, सरळ उभ्या राहणाऱ्या.
चारशे सहा.

पाणी नव्हतं म्हणून पाण्याची घागर उलली,
हे मी रिपोर्टात लिहिलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

घरी शकुंतला लोणी कढवते,
पातेलं उतरवून परातीखाली झाकते
आणि रात्रभर कोणाला हात लावू देत नाही.
सकाळी तुपात असा रवा असतो
की शेजारीण वाटी घेऊन येते.
मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या.
"तेच की. तेच तुम्ही इथं केलंत."

दुसऱ्या आठवड्यात एक पुडकं आलं.
पांढरी भुकटी, पंचवीस किलोच्या गोणीला पंचवीस ग्रॅम.
"म्हणजे इरजण?" मी विचारलं.
"नाही हो. इरजण जिवंत असतं, पोसलं की वाढतं.
ही मेलेलीच असते.
फक्त बसायला जागा देते.
लाखो ठिकाणी एकदम बसायला मिळालं
की कोणालाच फार पसरता येत नाही."
शेठनी बिल दोनदा वाचलं
आणि सहीआधी विचारलं, टँकर स्वस्त पडेल का?

आता काप काढला
तर भिंगाखाली नुसती बारीक कणी,
फुल्या शोधाव्या लागतात.
मॅडमनी जुनी काच फेकली नाही,
चिठ्ठी चिकटवून खणात ठेवली.

व्यापाऱ्याला मी विचारलं होतं,
कोणाच्या हातची होती ती?
"त्याचं काय करता," म्हणाला, "बदलून द्या."
दिली.

उरलेल्या चारशे पाच कुठंतरी आहेत,
कोणाच्या कमरेवर, कोणाच्या डोक्यावर, भरलेल्या.
गंगापूर रोडला पाण्याच्या रांगेपाशी
निळी घागर दिसली की मी गाडी हळू करतो.
बाया वळून बघतात, पदर सावरतात.
त्यांना कसं सांगू
की मी फक्त बुडाची तारीख बघतोय.